नानांचा व्हिडिओ आधी काढा

ए-१०२ सूनबाई: सगळ्यांना नमस्कार. काल हॉटेलात सोसायटीचं स्नेहभोजन झालं आणि रात्री ११ नंतर या ग्रुपवर नानांचा तिथला व्हिडिओ पडलाय. ज्यांनी टाकलाय त्यांनी आत्ताच्या आत्ता काढा. खाली हसणारी तोंडं टाकणाऱ्या ९ जणांनाही हात जोडून विनंती, जरा विचार करा. ८१ वर्षांचा माणूस ताटासमोर डोळे मिटून बसलाय, यात हसण्यासारखं काय दिसलं?

बी-२०२: कुठला व्हिडिओ? मी काल आल्याआल्या झोपले.

सी-५०३: ताई, राग मानू नका. पण हॉटेल हे सार्वजनिक ठिकाण आहे. प्रार्थना मनातल्या मनात करावी. एवढंच म्हणणं आहे.

ए-४०३: वहिनी, सॉरी. माझ्या फोनवरून मुलाने टाकला. लहान आहे, कळलं नाही त्याला.

ए-१०२ सूनबाई: लहान? बारावीला आहे ना तो?

ए-४०३: हटवला आहे. आता तुम्ही त्याचं वय काढू नका.

सेक्रेटरी: व्हिडिओ काढलेला आहे. विषय इथेच थांबवूया. उद्या सकाळी १० ते १ टाकी धुण्यासाठी पाणी बंद राहील, भरून ठेवावे.

बी-३०४: नाना श्लोक म्हणेपर्यंत जिलेबी दोनदा फिरून गेली, मी दोन्ही वेळा हात जोडून बसलो होतो. माझ्या जिलेबीचा जबाबदार कोण?

बी-२०२: सगळीकडे चेष्टा नको हो.

ए-१०२ सूनबाई: सेक्रेटरी साहेब, विषय थांबत नाही. टेबलाच्या त्या टोकाला बसलेल्यांना काय झालं ते दिसलंच नाही, म्हणून सांगते. थाळीच्या हॉटेलात आधी फुलके आणि भात शेवटी. नानांनी सुरुवातीलाच चमचाभर भात मागितला. वाढणारा म्हणाला, भात लास्टला येतो. मी दोनदा सांगितल्यावर आणला. मग नानांनी ताटाभोवती पाणी फिरवलं आणि उजव्या बाजूला चित्राहुतीची, म्हणजे जेवणाआधी ताटाबाहेर नैवेद्य म्हणून ठेवायची शितं ठेवायला लागले. चित्राय नमः, चित्रगुप्ताय नमः, यमाय नमः, इथवर आले होते. तेवढ्यात त्या वाढणाऱ्या मुलाला वाटलं भात सांडलाय. त्याने फडकं घेतलं आणि एका हाताने सगळं पुसून टाकलं. त्याचा काही दोष नाही, त्याला कुणी सांगितलंय हे? पण नानांचा हात तसाच वर राहिला, ओला. चौथं शीत बोटांतच होतं. ते त्यांनी हळूच ताटात ठेवलं आणि नुसते डोळे मिटून श्लोक म्हटला. तुम्ही जो व्हिडिओ पाहिलात तो त्याच्या पुढचा आहे. घरी आल्यावर एवढंच म्हणाले, आज आपोशनी राहिली. म्हणजे पहिल्या घासाआधी मंत्र म्हणून तळहातावरचं पाणी प्यायचं, ते. रात्री दूधही घेतलं नाही.

बी-२०२: अरे देवा. हे खरंच माहीत नव्हतं.

ए-४०३: आम्हालाही नाही. सकाळी मुलाला घेऊन खाली येते.

सी-५०३: हॉटेल हे सार्वजनिक ठिकाण आहे. प्रार्थना मनातल्या मनात करावी.

ए-१०२ सूनबाई: तेच वाक्य पुन्हा? नाना तुमच्या टेबलावर येऊन म्हणा म्हणाले का तुम्हाला?

सी-५०३: नाना नाही म्हणाले. सेक्रेटरींनी माईकवर सांगितलं, सर्वांनी हात जोडा, वदनी कवळ घेता. ६२ माणसं. शेजारच्या टेबलावरची परकी माणसंसुद्धा घास हातात धरून थांबली.

सेक्रेटरी: माईक हॉटेलवाल्याने दिला. वर्षानुवर्षं गणपतीच्या पंगतीला मीच सांगायचो, सवयीने तोंडातून निघालं.

ए-३०१ सर: सवयीचाच मुद्दा आहे म्हणून लिहितो. पंगतीतला श्लोक आणि हॉटेलातला श्लोक यांत फरक आहे. आठवा, आपल्या पार्किंगमध्ये चार रांगा बसायच्या. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, भाजी, मग भाताची मूद, वरण आणि शेवटी तूप. शेवटच्या पानावर तूप पडेपर्यंत कुणी हात लावायचा नाही. पोरांना भूक लागलेली असायची, म्हणून श्लोक सुरू व्हायचे, एकाचा झाला की दुसऱ्याचा. समर्थांचं वदनी कवळ झालं, जय जय रघुवीर समर्थ झालं, की सगळे एकदम जेवायला लागायचे. म्हणजे श्लोकाने रांगेतल्या शेवटच्या माणसाची वाट पाहिली जायची. हॉटेलात प्रत्येकाचं ताट वेगळ्या वेळी भरतं. तिथे थांबायचं कुणासाठी?

बी-३०४: जिलेबीसाठी, सर.

ए-३०१ सर: तू पाचवीत होतास तेव्हा उदरभरण नोहे तुला पाठ नव्हतं आणि तू नुसते ओठ हलवायचास. मी पाहिलंय.

बी-२०२: पण सर, पंगत बंद का झाली हेही लिहा की. वाढायला कोण होतं? आम्ही चार बायका. पुरुष मंडळी सोवळ्यात फोटो काढून पहिल्या रांगेत.

ए-४०३: माझा नवरा दरवर्षी वाढायचा. कृपया सरसकट बोलू नये.

बी-२०२: एकदा. पाणी वाढलं होतं.

ए-४०३: दोनदा. मठ्ठापण.

खजिनदार: पंगतीचा विषय निघालाच आहे तर कालचा हिशोब. माणशी ४२० रुपये. ए-४०३, बी-३०४, सी-१०४ यांचे बाकी आहेत. पाच वर्षांखालील मुलांचे धरलेले नाहीत.

सी-५०३: हॉटेल हे सार्वजनिक ठिकाण आहे. प्रार्थना मनातल्या मनात करावी. सेक्रेटरींनी यावर उत्तर दिलेलं नाही.

सी-१०१ वकील: उत्तर मी देतो. संविधानाच्या कलम २५ ने ज्याला त्याला आपला धर्म आचरायचं स्वातंत्र्य आहे. हॉटेलात जेवणाआधी श्लोक म्हटला म्हणजे काही गुन्हा होत नाही. तुम्ही ज्याला सक्ती म्हणताय ते कलम २८ मध्ये येतं. सरकारी मान्यतेच्या किंवा अनुदानाच्या शाळेत मुलाला पालकांच्या संमतीशिवाय प्रार्थनेला बसवता येत नाही. सोसायटीचं स्नेहभोजन म्हणजे शाळा नव्हे.

सी-५०३: मला कायदा शिकवू नका वकीलसाहेब. कायद्याचं मी बोललोच नव्हतो. आता बोलतो. मी नववी-दहावीला होस्टेलला होतो. श्लोक म्हटल्याशिवाय ताट मिळायचं नाही. एका दुपारी मधली ओळ अडली. मला उठवून रांगेच्या शेवटी उभं केलं आणि सगळ्यांचं जेवण होईपर्यंत पाठ करायला लावलं. आमटी संपली होती. नुसता भात खाल्ला. अन्नाला पूर्णब्रह्म म्हणायचं आणि पोराला उपाशी उभं करायचं. तेव्हापासून चारचौघांत कुणी हात जोडा म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो. नानांवर माझा राग नाही. व्हिडिओवर मी हसलेलो नाही, तपासून घ्या.

ए-१०२ सूनबाई: हे आधी का नाही लिहिलंत भाऊ.

बी-४०१ काकू: मी बोलणार नव्हते. पण निघालंच आहे तर. काल माईकवरचा श्लोक चालू असताना आम्हीही उभे होतो. तो संपल्यावर आमच्या चौघांनी मान खाली घालून क्रूसाची खूण केली, दोन ओळींची प्रार्थना केली. हळू आवाजात. तेव्हा मागून कुणीतरी म्हणालं, आता हे अजून काय. नाव घेत नाही, ज्यांनी म्हटलं त्यांना माहीत आहे. माझी धाकटी घरी येऊन म्हणाली, आई, पुढच्या वेळी घरूनच प्रार्थना करून जाऊ. आम्ही वसईच्या गासचे. आमच्याकडे मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, मराठीत, जेवणाआधीची प्रार्थनाही मराठीतच. बाबा शेतावरून यायचे, तांदळाची भाकरी आणि सुक्या मासळीचं कालवण पुढे आलं तरी प्रार्थनेशिवाय पहिला घास मोडायचे नाहीत. माझी सासू तर स्टेशनवर वडापाव खातानाही खूण करते. तिला मनातल्या मनात कर म्हणून मी कशी सांगू?

ए-३०१ सर: काकू, ते वाक्य माझ्या टेबलावरून आलं. मी ऐकलं आणि गप्प बसलो. ती चूक माझी.

सी-२०१ चाचा: मी पण लिहितो. आम्ही रत्नागिरीकडचे. आमचं काम सोपं, बिस्मिल्लाह एवढंच, शेजाऱ्यालाही ऐकू जात नाही. सुरुवातीला विसरलं तर मध्ये आठवेल तेव्हा म्हणायची दुआ वेगळी आहे, तीसुद्धा आईने शिकवलेली. काल माझ्या नातवाने मोठ्याने म्हटलं तर मीच त्याला गप्प केलं. घाबरलो, कुणी काही म्हणेल. आता सूनबाईंचं वाचून वाईट वाटतंय. त्याला गप्प करायला नको होतं.

बी-२०२: चाचा, तुमचा नातू तर माझ्याच शेजारी होता. मी त्याला माझी जिलेबी दिली.

बी-३०४: म्हणजे माझी जिलेबी तिकडे गेली तर. मिळाली बुवा एकदाची. नाना, मी हसणाऱ्या ९ जणांत होतो. उद्या पाया पडायला येतो.

सेक्रेटरी: माझ्याकडून दिलगिरी. पुढच्या वेळी माईकवर काही सांगणार नाही. ज्याला जे म्हणायचं ते त्याने आपापल्या ताटाशी म्हणावं, आवाजात की मनात ते त्याने ठरवावं. कुणी कुणाकडे वळून बघू नये. आणि परवानगीशिवाय कुणाचाही व्हिडिओ ग्रुपवर येणार नाही, हे आता ग्रुपच्या नियमांत टाकतो.

वकील सी-१०१: नियमांत बदल सर्वसाधारण सभेशिवाय होत नाही.

सेक्रेटरी: ग्रुपच्या, साहेब. सोसायटीच्या नव्हे.

ए-१०२ सूनबाई: नाना सांगतायत, मी टाईप करते. "वेटरच्या पोराला कुणी बोलू नये. त्याच्या घरचं टेबल असतं तर त्याने पुसलंच नसतं, तिथे त्याचा मालक उभा होता. पाचव्या मजल्यावरच्या आमच्या मित्राला सांगा, वदनी कवळ पाठ नसलं तरी माझ्या शेजारी बसावं, आमटी आधी त्याला वाढायला सांगेन. बी-४०१ च्या आजींना नमस्कार. मी चित्राहुतीला टेबलावर जागा शोधत होतो, चूक माझीही आहे. पुढच्या वेळी पळसाचा एक द्रोण घेऊन येईन, शितं त्यात ठेवीन, उठताना चिमण्यांना घालीन."

बी-४०१ काकू: नाना, द्रोण आमच्या गावी मिळतात. रविवारी जातेय, घेऊन येते.

सी-५०३: दोन आणा काकू. नानांच्या शेजारी मी बसणार आहे.

खजिनदार: ए-४०३, बी-३०४, सी-१०४. माणशी ४२०.