जत्रेचं लाइव्ह: कॅमेरा बदलला की प्रक्षेपण तुटतं

जत्रेचो_कॅमेरा:
आमचं गाव वेंगुर्ले तालुक्यात. जत्रेची पालखी आणि मग रात्रभरचा दशावतार चाकरमान्यांना यूट्यूबवर दाखवायचं काम 3 वर्षं माझ्या गळ्यात आहे. मंडपातला कॅमेरा कॅप्चर कार्डातून (कॅमेऱ्याचं चित्र लॅपटॉपात घेणारं यंत्र) लॅपटॉपवर, ओबीएस या थेट प्रक्षेपणाच्या सॉफ्टवेअरमध्ये येतो. पालखी देवळाभोवती निघाली की वायर पुरत नाही. म्हणून यंदा ओबीएस थांबवलं आणि तीच स्ट्रीम की (चित्र आपल्या लाइव्हवर पाठवायचा यूट्यूबचा गुप्त कोड) फोनमध्ये घातली. तेवढ्यात लाइव्हच संपलं! नवी लिंक सगळ्यांना पाठवेपर्यंत दोन प्रदक्षिणा झाल्या. डोंबिवलीहून काकीचा फोन, "अरे, देव खंय गेलो?"
ओबीएस चालू ठेवून फोनही त्याच कीवर सोडला तर चालेल का?

रत्नांग्री_मिक्सर:
नाही हो. एका कीवर दोघे आले की एकमेकांना ढकलतात. यूट्यूबकडे जाणारी वाट एकच, लॅपटॉपची. ती पहाटेपर्यंत सोडायची नाही. फोनचं चित्र आधी लॅपटॉपवर आणा. ओबीएस आलेली सगळी चित्रं उलगडून त्यांचा नव्याने एकच प्रवाह बनवून (एन्कोड करून) पाठवतं, त्यामुळे आत सीन, म्हणजे पडद्यावरची मांडणी, कितीही बदला, यूट्यूबला पत्ता लागत नाही.
ओबीएसमध्ये मीडिया सोर्स घ्या, 'लोकल फाइल'ची खूण काढा आणि एसआरटीचा (नेटवर्कवरून व्हिडिओ पाठवायची एक पद्धत) पत्ता लिसनर मोडमध्ये, म्हणजे जोडणीची वाट बघणारा, द्या. फोनवर लॅरिक्स हे कॅमेऱ्याचं चित्र पाठवणारं ॲप, कॉलर मोड (जोडणी सुरू करणारा), पत्ता लॅपटॉपच्या आयपीचा. दोन्ही एकाच वायफायवर हवेत. 'क्लोज फाइल व्हेन इनॅक्टिव्ह' बंदच असू दे, नाहीतर सीन बदलला की फोनची जोडणी सुटते.
एसआरटीची मूळ लेटन्सी (हरवलेला डेटा परत मागवायला राखलेला उशीर) 120 मिलिसेकंद, ती गर्दीत कमी पडते. फोनवर 2000 करा. दोन बाजूंपैकी मोठा आकडा लागू होतो, म्हणून तेवढं पुरे. ओबीएसच्या पत्त्यात तोच आकडा द्यायचा झालाच, तर मात्र मायक्रोसेकंदात लिहावा लागतो, माझी अख्खी संध्याकाळ त्यात गेली होती.
आणि यूट्यूबवरचा ऑटो-स्टॉप, म्हणजे चित्र यायचं थांबलं की लाइव्ह आपोआप संपवणारा पर्याय, बंद करा. तुमचं लाइव्ह बहुधा त्यानेच संपवलं.

माडाखाली:
आमच्याकडे लॅपटॉपाक इन्व्हर्टर होतो, रावटराक नाय. लाईट गेली आणि दशावतारातलो संकासुर थंयच अडाकलो! रावटर पयलो इन्व्हर्टरार घाल रे बाबा.

रत्नांग्री_मिक्सर:
खरंय! आणखी एक राहिलं. फोनचं चित्र 2 सेकंद मागून येतं. पालखीच्या सीनमध्ये मंडपाच्या मिक्सरचा आवाज बंद करून फोनचाच घ्या, नाहीतर ढोल दोनदा वाजतो. फोनच्या सोर्सखाली देवळाचा फोटो लावा आणि 'शो नथिंग व्हेन प्लेबॅक एंड्स' चालू ठेवा. जोडणी तुटली तर काळोखाऐवजी देऊळ दिसतं.

जत्रेचो_कॅमेरा:
काल भजनाला करून बघितलं. सात-आठ वेळा सीन बदलला, लाइव्ह एकदाही सुटलं नाही. पण देवळाच्या मागच्या बाजूला गेलो की जांभ्याच्या भिंतीआड वायफाय मरतं, आणि तुमचा फोटो दिसतो. दीपमाळेच्या चौथऱ्यावर राउटर ठेवू का विचारलं, तर गुरवांनी नुसतं माझ्याकडे बघितलं. सध्या तो नारळवाल्याच्या पत्र्यावर बांधलाय.