पॉइंट बावीस पिस्तुलाच्या पुंगळ्या एकसारख्या बाहेर पडत नाहीत, सल्ला हवा

प्रश्न

नमस्कार. मी नाशिकमध्ये गेली तीन वर्षे २५ मीटर पिस्तूल प्रकाराचा सराव करते. माझ्या पॉइंट बावीस पिस्तुलाच्या रिकाम्या पुंगळ्या (गोळी सुटल्यावर उरणारी काडतुसाची नळी) पूर्वी उजवीकडे, साधारण एकाच जागी पडत असत. महिनाभरापासून मात्र काही दूर उडतात, काही मनगटावर येऊन पडतात आणि पन्नासांत दोन-तीन स्लाइडमध्ये, म्हणजे पिस्तुलाच्या मागे-पुढे सरकणाऱ्या भागात, अडकतात. स्टँडर्ड पिस्तूल प्रकाराच्या शेवटच्या टप्प्यात १० सेकंदांत पाच गोळ्या झाडायच्या असतात, त्यामुळे एक पुंगळी अडकली तरी मालिका विस्कटते. रिकॉइल स्प्रिंग (मागे गेलेल्या स्लाइडला पुन्हा पुढे ढकलणारी) बदलावी, असे सोबतचे नेमबाज सुचवतात. कृपया अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

ताई, स्प्रिंग इतक्यात बदलू नका. तुमच्या वर्णनातली महत्त्वाची गोष्ट ही, की पुंगळ्या जवळही पडतात आणि दूरही. सगळ्याच पुंगळ्या पायाशी पडत असत्या, तर स्लाइड पूर्ण मागे जात नाही असे मानून कमी जोराची काडतुसे, सुकलेले तेल किंवा प्रमाणाबाहेर कडक स्प्रिंग यांच्याकडे बोट दाखवता आले असते.

पॉइंट बावीस पिस्तुलात सहसा ब्रीच, म्हणजे नळीचे मागचे तोंड, कुलूपबंद नसते. वायूचा दाब पुंगळीलाच मागे ढकलतो आणि तिच्याबरोबर स्लाइड मागे जाते. म्हणून एक्स्ट्रॅक्टरचे, म्हणजे पुंगळी पकडणाऱ्या नखाचे, मुख्य काम पुंगळी ओढण्यापेक्षा, ती इजेक्टरवर (तिला बाहेर उडवणाऱ्या भागावर) आपटेपर्यंत तिची कड घट्ट धरून ठेवण्याचे असते. ही पकड सैल झाली, नखाची धार झिजली किंवा नखाखाली मळ साचला, की पुंगळी दर वेळी थोड्या वेगळ्या कोनात इजेक्टरवर आदळते आणि वाटेल तिकडे उडते. या काडतुसांच्या शिशाच्या गोळीवर मेणासारखे वंगण असते. ते काजळीत मिसळून चेंबरच्या (काडतूस बसते त्या पोकळीच्या) तोंडाशी आणि नेमके त्या नखाखाली घट्ट बसते.

मॅगझिनांवर क्रमांक घाला, एकाच खोक्यातली काडतुसे वापरा आणि पन्नास गोळ्यांपर्यंत प्रत्येक पुंगळी कुठे पडली, ती मॅगझिनमधली कितवी होती, हे वहीत लिहा. मॅगझिनमधल्या शेवटच्या, म्हणजे पाचव्या गोळीलाच अडचण येत असेल तर संशय एक्स्ट्रॅक्टरवर पक्का होतो, कारण तेव्हा पुंगळीला खालून आधार द्यायला पुढचे काडतूस नसते. एकाच मॅगझिनमध्ये घोटाळा होत असेल, तर तिचे ओठ (काडतूस धरून ठेवणाऱ्या वरच्या कडा) वाकले आहेत का ते पाहा. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर दोष कशामुळे गेला ते कधीच कळणार नाही.

प्रतिसाद २

वरील मताशी सहमत. एवढेच जोडतो, की हेच पिस्तूल आणि हीच काडतुसे रेंज अधिकाऱ्यांच्या परवानगीने दुसऱ्या नेमबाजाला वापरू द्या. मनगट सैल राहिले तरी स्लाइडचा जोर वाया जातो, त्यामुळे दोष हातात आहे की पिस्तुलात ते कळेल.

धागाकर्तीचा प्रतिसाद

दोघांचेही मनापासून आभार. वहीतली नोंद अशी: पन्नासांत सात पुंगळ्या भरकटल्या, त्यांतल्या पाच मॅगझिनमधल्या शेवटच्या गोळीच्या होत्या आणि मॅगझिन बदलूनही फरक पडला नाही. माझ्या सहकारी नेमबाजाच्या हातीही तेच घडले. पिस्तूल रिकामे असल्याची दोनदा खात्री करून नखाखालचा भाग साफ केला, तेव्हा काळा, कडक थर निघाला. आता पन्नासांत दोनच पुंगळ्या भरकटतात, पण त्याही शेवटच्याच गोळीच्या असतात.

प्रतिसाद १ कडून

म्हणजे मळ होताच, पण नख किंवा त्यामागची बारीक स्प्रिंगही थकलेली दिसते. घरी कानस लावू नका. नखाचा कोन जरा जरी बदलला तरी तो भाग वाया जातो. शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार दुरुस्तीलाही परवाना लागतो, त्यामुळे परवानाधारक कारागिराकडेच जा, सोबत ती वही न्या आणि आधी नख व स्प्रिंग ही जोडीच बदलायला सांगा. रिकॉइल स्प्रिंगला हात लावू देऊ नका.