मदत हवी आहे : एडनच्या मुलकी कारभाराचे कागद मुंबईत नेमके कुठे शोधायचे?

निळाई

प्रबंधाचा विषय आहे ब्रिटिशांचा एडनमधला (आजच्या येमेनमधलं बंदर) मुलकी कारभार, १८३९ ते १९३७. भर तीन गोष्टींवर : पाणीपुरवठा, तुरुंग आणि न्यायालय. सुलतानांशी झालेले तह एचिसनच्या संग्रहात छापलेले आहेत (१९३३ च्या आवृत्तीचा अकरावा खंड), त्यामुळे ते नकोत.

अडलंय ते असं :

१. अभिलेख पटलवर (राष्ट्रीय अभिलेखागाराचं संकेतस्थळ) एडन टाकलं की परराष्ट्र खात्याच्या फायलींचा ढीग येतो. त्यात तुरुंग किंवा पाणी जवळपास नाहीच.
२. काळा घोड्याला एलफिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या पुराभिलेखागारात राजकीय खात्याच्या सूचीत एडन भरपूर आहे, पण १९३२ नंतर एकदम आटतं.
३. एडन जिंकणाऱ्या कॅप्टन हेन्सच्या पत्रांच्या तारखा छापील ग्रंथांतून काढल्या, पण त्या तारखांना मुंबईच्या खंडांत ती पत्रं नाहीत.

लंडनला जाण्याआधी इथलं काम जास्तीत जास्त उरकायचं आहे. जाणकारांनी कृपया वाट दाखवावी.

जुनादप्तरी

एडन म्हणून शोधू नका. त्या साली एडनचा धनी कोण होता ते आधी पाहा, कागद धन्याच्या दप्तरात असतात. तुमची दुसरी अडचण त्यातच सुटते.

१९ जानेवारी १८३९ ला हेन्सने एडन घेतलं ते मुंबई सरकारच्या वतीने. तिथून १९३२ पर्यंत एडन मुंबई इलाख्यात. १९३२ ला ते मुंबईकडून काढून चीफ कमिशनरचा स्वतंत्र प्रांत केलं आणि थेट भारत सरकारखाली आणलं. १ एप्रिल १९३७ पासून ते राजाची वसाहत झालं, म्हणजे लंडनच्या वसाहत खात्याकडे गेलं. बर्नार्ड रायली हा एकच अधिकारी आधी रेसिडेंट (एडनमधला ब्रिटिशांचा मुख्य अधिकारी), मग चीफ कमिशनर, मग गव्हर्नर होता. माणूस तोच, पण त्याची पत्रं तीन सरकारांच्या दप्तरांत विखुरली आहेत. १९३२ ते ३७ चं साहित्य दिल्लीत राष्ट्रीय अभिलेखागारात शोधा. त्यापुढचं लंडनच्या क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये, सीओ ७२५ या मालिकेत.

सगळ्यात जास्त फसवतो तो १९१७ नंतरचा काळ. महायुद्धात एडनच्या पाठीमागच्या मुलखाचं राजकारण मुंबईकडून काढून घेतलं, पण खुद्द वस्तीचा, म्हणजे एडन शहर-बंदराचा कारभार मुंबईकडेच राहिला. म्हणजे रेसिडेंटला दोन वरिष्ठ. गटार, बाजार, तुरुंग याबद्दल तो मुंबईला लिही आणि टोळीप्रमुखांबद्दल दुसरीकडे. हे दुसरीकडचं काम पुढे वसाहत खात्याकडे आलं, म्हणूनच सीओ ७२५ ची सुरुवात १९३७ ला नव्हे, १९२१ ला होते. तुमचे विषय वस्तीचे आहेत, तेव्हा १९३२ पर्यंत मुंबई सोडू नका.

खंडशोधक

हेन्सच्या तारखांबद्दल. छापील ग्रंथात असते ती पत्र लिहिल्याची तारीख. मुंबईच्या खंडात पत्र लागतं ते इथे पोचून त्यावर निर्णय झाल्यावर. १८७० मध्ये समुद्राखालची तार येईपर्यंत सगळा भरवसा जहाजावर होता. आगबोट असली तरी आठवडा-दीड आठवडा, पावसाळ्यात जास्त. त्यावर सेक्रेटरीचं टिपण, गव्हर्नरच्या कौन्सिल सभासदांचे शेरे आणि मग उत्तर. तेव्हा पत्राच्या तारखेपासून पुढचे दोन-तीन महिने चाळा. नोव्हेंबर-डिसेंबरचं पत्र असेल तर पुढच्या वर्षाचा खंड मागवा.

मागणी-चिठ्ठीवर चार गोष्टी अचूक हव्यात : खातं, वर्ष, खंड क्रमांक, कम्पायलेशन (एका विषयाच्या कागदांचा जुडगा) क्रमांक. एका खंडात अनेक कम्पायलेशन बांधलेली असतात आणि पुढे तळटिपेत तोच पत्ता द्यावा लागतो. चिठ्ठी भरतानाच वहीत उतरवून ठेवा.

पाण्यासाठी दोन खाती समांतर वाचा. क्रेटरच्या (एडनचा जुना शहरभाग) डोंगरातल्या जुन्या टाक्या गाळाने भरल्या होत्या, त्या उपसून दुरुस्त करायचं काम १८५० च्या दशकात असिस्टंट रेसिडेंट प्लेफेअरच्या पुढाकाराने सुरू झालं. असा बांधकामाचा खर्च सार्वजनिक बांधकाम खात्यात पाहा. पण १८६७ मध्ये एडनबाहेरच्या शेख उस्मान गावाहून पाण्याचा पाट आणण्यासाठी शेजारच्या लहेज संस्थानच्या सुलतानाशी करार झाला, तो राजकीय खात्यात. एकाच पाण्याचा हिशेब एकीकडे आणि वाद दुसरीकडे. नुसतं बांधकाम खातं वाचलं तर पाट का हवा होता आणि त्यावर हक्क कुणाचा, हे कळणारच नाही. शिवाय सूचीत सुलतान कधी लहेजचा म्हणून येतो, कधी अब्दाली (त्याच्या टोळीचं नाव) म्हणून. दोन्ही नावांखाली बघा.

कलम_कायदा

तुरुंग आणि न्यायालय राजकीय खात्यात शोधत असाल तर हाती थोडंच लागेल. १८८० च्या आसपास तुरुंग मुंबईच्या न्यायखात्याकडे होते. वासुदेव बळवंत फडक्यांना १८७९ मध्ये जन्मठेप झाली आणि एडनच्या तुरुंगात पाठवलं, ते १७ फेब्रुवारी १८८३ ला तिथेच वारले. त्यांच्यापासून सुरुवात करा. तारखा पक्क्या असल्याने १८७९ ते ८३ च्या न्यायखात्याच्या सूचीत एडन तुरुंगाचं शीर्षक कोणत्या शब्दांत लावत होते ते लगेच कळेल. तेच शब्द धरून मागे-पुढे जा. फडक्यांसंबंधीचे निवडक सरकारी कागद मुंबई सरकारने १९५७ साली स्वातंत्र्यलढ्याच्या साधनांच्या पहिल्या खंडात छापले आहेत, तेही आधी वाचा.

न्यायालयाचा पाया १८६४ चा दुसरा कायदा. त्याने दिवाणी-फौजदारी अधिकार रेसिडेंटला दिले. कायद्याचा प्रश्न अडला की तो मुद्दा मुंबई उच्च न्यायालयाकडे पाठवला जाई. असे खटले छापील निकालपत्रांत मिळतात : १८७६ पासून इंडियन लॉ रिपोर्ट्सची मुंबई मालिका, त्याआधी बॉम्बे हायकोर्ट रिपोर्ट्स. कुठल्याही जुन्या विधी ग्रंथालयात बसून हे काम होईल.

निळाई

मनापासून आभार. आणखी दोन शंका. मागवलेला एक खंड जीर्ण म्हणून मिळाला नाही, त्याला काही उपाय? आणि तुरुंगातल्या कारकून, पहारेकऱ्यांची नावं कुठे मिळतील?

खंडशोधक

जीर्ण खंडासाठी हट्ट धरू नका, एकदा पान तुटलं की ते सगळ्यांनाच गेलं. त्या काळच्या कामकाजाच्या प्रती लंडनला जात. त्या ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या पी मालिकेत, बॉम्बे प्रोसीडिंग्ज म्हणून आहेत. खातं आणि तारीख जुळवली की बऱ्याचदा तोच मजकूर मिळतो, फक्त खालच्या कारकुनांची टिपणं नसतात. एडनच्या कचेरीचं स्वतःचं दप्तरही तिथेच, आर/२० मध्ये. त्यातल्या काही फायली कतार डिजिटल लायब्ररीच्या संकेतस्थळावर मोफत दिसतात, पण त्यांचा भर आखाताच्या राजकारणावर असल्याने पाणी-तुरुंगासाठी फार आशा ठेवू नका.

कलम_कायदा

नावांसाठी सिव्हिल लिस्ट (सरकारी अधिकाऱ्यांची छापील यादी) उघडू नका, तिथे वरचे अधिकारीच असतात. खालच्यांची नावं येतात ती बढती, निवृत्तिवेतन, रजा किंवा चौकशीच्या निमित्ताने, म्हणजे न्यायखात्याच्याच कम्पायलेशनमध्ये. कैदी पळाला, दंगा झाला, साथ आली अशी सालं आधी निवडा. त्या चौकशीत पहारेकऱ्यांचे जबाब नाव, जात, नोकरीची वर्षं यांसह सापडण्याची शक्यता सगळ्यात जास्त.