बारावीला गणित नव्हतं, हेल्थ इकॉनॉमिक्सचं मास्टर्स झेपेल का?

सातपुडा_सीएचओ:

नमस्कार. बीएस्सी नर्सिंग झालंय, वय २७. नंदुरबार जिल्ह्यात एका उपकेंद्रावर कंत्राटी सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी) आहे, हे चौथं वर्ष. हेल्थ इकॉनॉमिक्समध्ये पोस्ट ग्रॅज्युएशन करायचं मनात आहे. ते कुठून आलं, ते आधी सांगते.

गेल्या पावसाळ्यात आमच्या पाड्यावरच्या एका बाईच्या गर्भाशयाचं ऑपरेशन सरकारी रुग्णालयात झालं. बिल शून्य. रिपोर्टमध्येही तसंच गेलं. नंतर जखम बघायला घरी गेले, तर दारातल्या तीन बकऱ्यांपैकी एकच उरली होती. तिथेच बसून डायरीत लिहून काढलं. जीप जाता-येता ३,६००, अकरा दिवसांचं जेवण १,९८०, नवऱ्याची बुडालेली मजुरी ३,८५०. झाले ९,४३०. वर दोन बकऱ्या. हे पैसे कुणी कुठे मोजतं का? मोजत असतील तर मला ते शिकायचंय.

अडचणी अशा की गणित दहावीनंतर सुटलं, इकॉनॉमिक्स कधी नव्हतंच. इंग्रजी वाचता येतं, बोलताना अडखळते. धाकट्या भावाचं शिक्षण चालू आहे, त्यामुळे दोन वर्षं पगाराशिवाय काढणं अवघड. माझा निभाव लागेल का? आणि पुढे काम मिळतं का?

जमाखर्च:

तुझी पोस्ट दोनदा वाचली. वयाने मोठी आहे, म्हणून एकेरी बोलते, चालेल ना?

मी सांगली जिल्ह्यातली, बीएएमएस. चार वर्षं एका आरोग्य विमा योजनेचे क्लेम तपासले आणि २०१४ मध्ये टिसला (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस), मुंबईत देवनारला, एमपीएचला, म्हणजे सार्वजनिक आरोग्याच्या मास्टर्सला गेले. माझ्या वेळी त्या शाखेचं नाव हेल्थ पॉलिसी, इकॉनॉमिक्स अँड फायनान्स होतं. वर्गात डेंटिस्ट होते, फिजिओ होते, कॉमर्सवाले होते, आणि तुझ्यासारख्या नर्सिंगच्या दोघी होत्या. त्यामुळे प्रवेशासाठी नर्सिंगची डिग्री आड येईल ही भीती सोड.

आता तुझी डायरी. मोजतात, नक्की मोजतात. नॅशनल सॅम्पल सर्व्हेच्या ७५व्या फेरीत, म्हणजे जुलै २०१७ ते जून २०१८ मध्ये, दवाखान्यात दाखल झालेल्या माणसाच्या घरी जाऊन हेच विचारलं होतं. प्रवासाला किती गेले, उत्पन्न किती बुडालं, पैसे कुठून उभे केले. बचत, कर्ज, मालमत्ता विकून, नातेवाइकांची मदत, असे त्याचे कोड असतात. तुझ्या पाड्यावरच्या त्या दोन बकऱ्या 'मालमत्ता विकून' या कोडात जातात. हा घरोघरचा डेटा सांख्यिकी मंत्रालयाच्या साइटवर फुकट मिळतो, नुसतं नाव नोंदवावं लागतं.

एक दुरुस्ती मात्र सांगते. बकऱ्या बेरजेत धरू नकोस. जीप आणि जेवणाचे पैसे बकऱ्या विकूनच आले, म्हणजे तोच रुपया दोनदा मोजला जाईल. बकऱ्या 'पैसे कुठून आले' या वेगळ्या रकान्यात लिही. घाईत पडेल भावाने विकल्या का, पुढच्या वेताची पिल्लं गेली का, तेही तिथेच टिपून ठेव. तो तोटा खरा आहे आणि बिलात कधीच दिसत नाही. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांत, म्हणजे देशाच्या आरोग्यखर्चाच्या सरकारी हिशेबात, लोकांच्या खिशातून जाणारा वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता, २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आलाय. ही घट मोठी आहे आणि मला तिचा आनंदच आहे. पण त्या बाईच्या नवऱ्याची मजुरी या आकड्यात धरलेलीच नाही. तू जिथे बसून लिहिलंस, ती जागा या विषयाला फार हवी आहे.

गणिताचं खरं सांगते. पहिल्या सेमिस्टरला मी रडकुंडीला आले होते. लॉग कशाला घ्यायचा हेच कळेना. मग एक दिवस डेटा उघडून खर्चाचा आलेख काढला. निम्म्याहून जास्त घरं शून्याला चिकटलेली, काही दोन-पाच हजारांवर, आणि दूर उजवीकडे कॅन्सरवालं एकच घर काही लाखांवर. ते एक घर सगळी सरासरी ओढून नेत होतं. लॉग घेतला की ते घर जवळ येतं. आणि शून्यवाल्या घरांसाठी प्रश्नच दोन करायचे: खर्च झाला का, आणि झाला तर किती? हे समजलं त्या दिवसापासून समीकरणं अंगावर येईनाशी झाली. मी अभ्यास केला तो बालभारतीच्या अकरावी-बारावी कॉमर्सच्या गणित आणि संख्याशास्त्राच्या पुस्तकांवर. मराठीत आहेत, ई-बालभारतीवर पीडीएफ आहेत. लॉगॅरिदम, डेरिव्हेटिव्ह, संभाव्यता, रिग्रेशन एवढं नीट कर. रोज एक तास दिलास तर सहा महिन्यांत होतं.

कॉस्टिंग, म्हणजे एखाद्या सेवेला खरा खर्च किती येतो ते काढणं, कसं असतं त्याचा एक नमुना देते, म्हणजे अंदाज येईल. समज ३ लाखांचा ऑटोक्लेव्ह (उपकरणं निर्जंतुक करायचं यंत्र) आहे आणि तो दहा वर्षं चालेल. वर्षाला किती धरशील? ३०,०००? आम्ही ३५,१६९ धरतो. कारण ते ३ लाख आज अडकले आणि दुसरीकडे वापरता आले असते. ३ टक्के दराने दहा वर्षांसाठी त्या ३ लाखांना ८.५३०२ ने भागायचं. मग तो ऑटोक्लेव्ह ओटीला किती, लेबर रूमला किती, हे ट्रे मोजून वाटायचं. मी एका ग्रामीण रुग्णालयात तीन आठवडे सिस्टरांच्या मागे घड्याळ घेऊन फिरले आहे. इंजेक्शनला किती मिनिटं, रजिस्टर भरायला किती. रजिस्टरची मिनिटं जास्त निघाली. अशाच कॉस्टिंगच्या आधारावर केंद्राच्या आरोग्य विमा योजनेच्या, पीएमजेएवायच्या, पॅकेजचे दर सुधारले गेले. आणि वॉर्डात वावरलेल्या माणसाला ही कामं पटकन जमतात.

नोकरीबद्दल थोडक्यात: केंद्राच्या आरोग्य संशोधन विभागाने २०१७ मध्ये एचटीए-इन सुरू केलं, उपचार आणि उपकरणं खर्चाच्या मानाने किती उपयोगी ते तपासायला; त्याची रिसोर्स सेंटर आहेत. शिवाय विमा, औषध कंपन्या, संशोधन संस्था. पहिली दोन वर्षं प्रोजेक्टवरची, म्हणजे पुन्हा कंत्राटीच, हे घरी आधी सांगून ठेव. टिसचा प्रवेश आता सीयूईटी-पीजी या सामाईक प्रवेश परीक्षेवर होतो. कोर्सचं नाव आणि फी या वर्षीच्या माहितीपत्रकातच बघ.

गोखले_बॅच:

मी उलट्या बाजूने आलो, पुण्यात इकॉनॉमिक्समध्ये एमए करून मग इकडे. जमाखर्च ताईंना दुजोरा. आमच्याकडची मुलं मॉडेल पटकन लिहितात, पण आशाला कुठल्या कामाचे पैसे मिळतात हे त्यांना विचारून घ्यावं लागतं.

परदेशाचा विचार असेल तर ब्रिटनमध्ये मास्टर्स एका वर्षाचं असतं, म्हणजे पगाराशिवायचा काळ निम्मा. या विषयात यॉर्क विद्यापीठाचं नाव मोठं, तिथलं हेल्थ इकॉनॉमिक्सचं केंद्र १९८३ पासून आहे. ब्रिटन सरकारच्या चेव्हनिंग शिष्यवृत्तीला दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो, तो तुमच्याकडे आहे. नंतर दोन वर्षं देशात परतावं लागतं, त्याला तुमची ना नसावी. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आहे, अनुसूचित जमातींसाठी आदिवासी विकास विभागाची वेगळी. लागू असेल तर जरूर बघा.

वारणाकाठचा_डॉक्टर:

पोरीचा हुरूप मोडायचा नाही, पण मला या विषयाबद्दल मनापासून अढी आहे. तीस वर्षं सरकारी नोकरी केली. पेशंट समोर असताना 'हा उपचार परवडतो का' हे तिसऱ्याच माणसाने कागदावर ठरवायचं? जिवाची किंमत लावायला शिकवणारं शिक्षण कशाला घ्यायचं?

जमाखर्च:

सर, तुमची अढी मला समजते. क्लेम टेबलावर बसून मी स्वतः नकाराचे शेरे लिहिलेत, त्यातले काही अजून झोपू देत नाहीत. पण एक विचारते. फेब्रुवारीत औषधांचं बजेट संपतं तेव्हा इंडेंटमधून, म्हणजे औषधांच्या मागणीपत्रातून, काय कापायचं, हे आज कोण ठरवतं? कुणीतरी ठरवतंच, आणि त्याचं कारण कुठेही लिहिलेलं नसतं. ब्रिटनमध्ये सरकारी खर्चाने कोणते उपचार द्यावेत ते सांगणारी नाइस ही संस्था १९९९ मध्ये आली. एका क्वालीमागे, म्हणजे धडधाकट आयुष्याच्या एका वर्षामागे, २०,००० ते ३०,००० पौंड ही तिची मर्यादा वर्षानुवर्षं सगळ्यांसमोर होती. लोक तिच्यावर भांडू शकले, ते ती लिहिलेली होती म्हणूनच. आणि हिशेब नेहमी गरिबाच्या विरोधात जातो असंही नाही. गडचिरोलीत बंग दांपत्याने गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचं १९९९ मध्ये लॅन्सेटमध्ये छापून आलं. महागड्या युनिटची वाट न बघता काय करता येतं, हे आकड्यांनीच दाखवलं.

तुमच्या म्हणण्यातला खरा भाग मला सातारा जिल्ह्यात भेटला. जगण्याचा दर्जा मोजायची एक प्रश्नावली असते. चालणं-फिरणं, स्वतःचं आवरणं, रोजची कामं, दुखणं, चिंता, असे पाच प्रश्न आणि प्रत्येकाला पाच पायऱ्या. एका आजींचे गुडघे पार वाकलेले. "रोजची कामं करताना त्रास होतो का?" "न्हाई." मी 'त्रास नाही'वर खूण केली. तेवढ्यात त्या भिंतीला धरून उठल्या, बसत-उठत चूल गाठली आणि मला चहा केला. पंधरा मिनिटं लागली. म्हणाल्या, "दुखतंय म्हून काम कोन सोडतंय व्हय?" खूण मला बदलता येत नव्हती, उत्तर त्यांचं होतं. मी शेजारी समासात लिहून ठेवलं. असं उत्तर आलं की थांबून बघणारं माणूस प्रश्नावली घेऊन गेलेलं असावं, म्हणून मला सीएचओ मुली या विषयात यायला हव्यात.

सातपुडा_सीएचओ:

ताई, एकेरीच बोला. डॉक्टर, तुमचं म्हणणंही लिहून घेतलं. आदिवासी विकास विभागाची शिष्यवृत्ती मला लागू होते, सोमवारी प्रकल्प कार्यालयात चौकशी करते. बालभारतीचं अकरावीचं पुस्तक उतरवलं, पहिले दोन धडे जमले.

डायरी नव्याने आखली, बकऱ्या वेगळ्या रकान्यात घेतल्या. पण एक अडलंय. जीप स्पेशल केली होती, एका खेपेचे १,८००. येताना मात्र बाजाराहून परतणारी तिघं वाटेत बसली. मग येतानाचे पूर्ण १,८०० धरायचे की वाटून?

जमाखर्च:

त्या तिघांनी भाडं दिलं का, आणि कुणाच्या हातात, ते आधी विचार. जीपवाल्यानेच ठेवून घेतलं असेल तर कुटुंबाच्या हिशेबात पूर्ण १,८००, कारण त्यांच्या हातून तेवढे गेले. समाजाच्या बाजूने मांडायचं तर ती खेप पाच माणसांची होते. दोन्ही रकाने ठेव आणि वर लिही, कोणता हिशेब कुणाच्या बाजूने.