अण्णांच्या आठवणी: तुमच्याकडची लिहा

अण्णा गेले त्याला आज तेरा दिवस झाले. हरभट रोडला त्यांचं दोर-सुतळी-ताडपत्रीचं दुकान, पण निम्म्या सांगलीला ते फोनमुळे ठाऊक. कृष्णेचं पाणी आयर्विन पुलाजवळ चाळीस फुटांना, म्हणजे इशारा पातळीला लागलं की त्यांचा फोन यायचाच. दिवसकार्याला आलेला जो तो एकेक प्रसंग सांगत होता, आणि त्यातलं बरंचसं घरच्यांनाही माहीत नव्हतं. ते विरून जाऊ नये म्हणून हा धागा. नाव मात्र कुणाचं घालू नका, घरच्यांची तशी इच्छा आहे.

मारुती चौकातली शेजारीण

२०१९ चा ऑगस्ट. आदल्या दिवशी अण्णांचा फोन आला होता, "पाणी वाढायलंय. म्हातारीला आजच हलवा." आम्ही म्हटलं, २००५ ला जिथवर आलं होतं त्याच्या वर काही येणार नाही. आलं. पाणी सत्तावन्न फुटांच्या वर गेलं त्या वेळी आम्ही वरच्या मजल्यावर अडकलो होतो, वीज नाही, प्यायला पाणी नाही. सासूबाईंना गुडघ्यांमुळे जिना उतरवेना. बोटीतून अण्णा आले, बरोबर दोन पोरं. त्यांनी आमची लाकडी खुर्ची मागितली, तिच्या दोन्ही हातांना दोर बांधला, सासूबाईंच्या कमरेभोवती आधी चादर गुंडाळली आणि मग तिच्यावरून दोर घेतला. "दोर काचतो म्हातारीला," म्हणाले. त्या गडबडीत त्यांना ती चादर सुचली, हे मी कधी विसरणार नाही. "ऐकलं नाही" असं मात्र त्यांनी तेव्हाही म्हटलं नाही आणि पुढे कधीही नाही.

त्याच रस्त्यावरचा व्यापारी

माझंही दुकान त्याच मालाचं, म्हणजे आम्ही प्रतिस्पर्धी. त्या पुरात त्यांच्या खालच्या गोदामातला माल गेला. माळ्यावर चढवायला दोन दिवस हातात होते, पण ते दोन दिवस त्यांचा टेम्पो लोकांचं सामान विश्रामबागेकडे पोचवत होता. माळ्यावर होत्या त्या ताडपत्र्या पाणी उतरल्यावर वाटून टाकल्या. उधारीच्या वह्यासुद्धा भिजल्या, शाई पसरली. मी म्हटलं, अण्णा, उन्हात वाळवून बघू, काही आकडे लागतील. ते म्हणाले, "ज्याचं वाचता येत नाही त्याचं मिटलं." व्यापारी म्हणून मला ते पटलं नव्हतं, आजही पटत नाही. पण दिवाळीपर्यंत कितीतरी गिऱ्हाईकं आपणहून आकडा सांगून पैसे ठेवून गेली, ते मी माझ्या गल्ल्यावर बसून पाहिलंय.

सीमाभागातून मिरजेला आलेला एक जण

बायकोच्या बाळंतपणात रात्री दोन वाजता बी निगेटिव्ह रक्त हवं होतं. वॉर्डात कुणीतरी अण्णांचा नंबर दिला. पाऊण तासात ते एका पोराला स्कूटरवर मागं बसवून हजर. पोरगा रक्त द्यायला आत गेला तसं त्यांनी मला विचारलं, "तू जेवलाईस काय?" मी दुपारपासून जेवलो नव्हतो. मुलगी आता दहावीत आहे.

रक्तदान शिबिरातला कार्यकर्ता

ते स्वतः दर तीन महिन्यांनी रक्त द्यायचे. पासष्ट ओलांडल्यावर नियमानं थांबवावं लागलं, तेव्हा फार हिरमुसले. पुढच्या शिबिराला सकाळी आठलाच आले आणि दिवसभर कॉफी-बिस्किटं दिली.

दुकानात वाढलेला

माझे वडील मार्केट यार्डात हळदीच्या पोत्यांचे हमाल. सुट्टीत मी अण्णांकडे ताडपत्रीला रिंगा ठोकायला जायचो. चिडायचे फार, हेही लिहायला हवं. रिंग तिरकी बसली की अख्खी कड उसवायला लावायचे. "वाऱ्यात हीच फाटंल, आणि कुणाच्या तरी डोक्यावरचं छप्पर जाईल." मजुरी शनिवारी हातात. कॉलेजची फी भरली ती मात्र त्यांनी वडिलांनाही कळू दिली नाही. मला ती गोष्ट पावतीवरून कळली.

शेवटच्या रात्री घरात असलेली पुतणी

नेत्रदानाचा अर्ज त्यांनी केव्हाच भरून ठेवला होता. सहा तासांच्या आत डोळे काढावे लागतात. काकूंनीच आधी पंखा बंद केला, डोकं उशीवर उंच ठेवलं, पापण्यांवर ओला कापूस ठेवला. हे सगळं काकांनीच त्यांना शिकवून ठेवलं होतं. कापूस वाळत आला की त्या बोटानं पाणी सोडत होत्या. टीम येईपर्यंत त्या रडल्या नाहीत.

दुकानातला नोकर, अठरा वर्षं

दुकानाच्या भिंतीवर खडूनं तीन रेघा आहेत, २००५, २०१९, २०२१. सगळ्यात वरची २०१९ ची. त्या पुसायच्या नाहीत असं धाकट्या मालकांनी रंगाऱ्याला सांगून ठेवलंय. अण्णांची फोनची वही माझ्याकडं आहे. खालच्या मजल्यावर राहणारी, घरात तरणं माणूस नसलेली घरं त्यात गल्लीवार लिहिलीत. काहींचे नंबर बदललेत, काही म्हातारी माणसं आता नाहीत. गावभाग, दत्तनगर, शामरावनगर, सांगलवाडी इथं असं घर तुमच्या माहितीत असेल तर पावसाच्या आधी दुकानावर येऊन नंबर देऊन जा. चाळिसाला पाणी लागलं की फोन मी करणार.