थायरॉइड आहेच, आता व्हिटॅमिन डी पण ११ आलंय

डोंबिवलीची_ताई:
नमस्कार, वय ४३, सहा वर्षं थायरॉइडची ७५ ची गोळी चालू आहे. टीएसएच (थायरॉइडची रक्तचाचणी, आकडा वाढला म्हणजे गोळी कमी पडतेय) ३ च्या आसपास असायचा, पण गेले चार महिने जिना चढताना मांड्या भरून येतात, सकाळी अंथरुणातून उठवत नाही, म्हणून परवा टेस्ट केल्या तर टीएसएच ८.२ आणि व्हिटॅमिन डी ११. गुडघ्यांसाठी कॅल्शियम आधीपासून चालू आहेच, आता डीचं ६० हजार युनिटचं पाकीट दिलंय आणि गोळी १०० ची करू म्हणालेत. डी कमी म्हणून थायरॉइड बिघडलं का? डी भरून आलं की गोळी सुटेल का? रोज सकाळी बंद खिडकीशी उन्हात बसते तरी डी कमी कसं?

माईसाहेब:
कॅल्शियम कधी घेता?

डोंबिवलीची_ताई:
सकाळीच, चहाबरोबर दोन्ही एकदम, म्हणजे विसरायला होत नाही.

माईसाहेब:
अहो ताई तिथेच गडबड असू शकते. कॅल्शियम पोटात थायरॉइडच्या गोळीला धरून ठेवतं, ती नीट शोषलीच जात नाही. दोन्हीत निदान चार तास पाहिजेत, लोहाच्या गोळीचंही तेच. थायरॉइडची गोळी उपाशीपोटी साध्या पाण्याबरोबर, चहा अर्ध्या-एक तासाने. माझा टीएसएच ९ झाला होता, कॅल्शियम रात्रीच्या जेवणानंतर नेलं आणि दोन महिन्यांनी त्याच डोसवर ३.४ आला. तुमचंही तसंच असेल असं नाही पण डोस वाढवायच्या आधी डॉक्टरांना हे सांगाच.

सातारकर:
डीबद्दल बोलायचं तर थायरॉइडवाल्यांमध्ये, विशेषतः ज्यांच्या अँटी-टीपीओ अँटीबॉडी (शरीरानेच थायरॉइडविरुद्ध तयार केलेल्या) वाढलेल्या असतात त्यांच्यात डी बरेचदा कमी सापडतं, पण डी कमी म्हणूनच थायरॉइड होतो असं सिद्ध झालेलं नाही. त्यामुळे डी भरलं तरी गोळी मनाने बंद करू नका. २० च्या खाली म्हणजे कमतरताच, ती भरायलाच हवी, अंगदुखी आणि थकवा दोन्हींमुळे येतो. आणि काचेतून डी तयार करणारे किरण आतच येत नाहीत हो! गच्चीवर जा, अकरा-बाराचं ऊन, हात-पाय उघडे.

नणंदबाई_६७:
पाकीट आठवड्याला एक आहे ना, नीट विचारून घ्या. माझ्या सासूबाई चुकून दोन महिने रोज एक घेत होत्या, कोणाच्या लक्षातच आलं नाही. सारखी तहान, उलट्या, पोट साफ नाही, नंतर बोलताना गोंधळायला लागल्या, रक्तातलं कॅल्शियम १३ च्या वर, पाच दिवस सलाईनवर होत्या. आता फ्रिजवरच्या कालनिर्णयमध्ये मी स्वतः रविवारी खूण करते.

डोंबिवलीची_ताई:
बापरे, आत्ता चिठ्ठी पाहिली, आठवड्यातून एकदा, आठ आठवडे. कॅल्शियमची डबी जेवणाच्या टेबलावर नेऊन ठेवली. उद्या डॉक्टरांना फोन करून चहाचं सगळं सांगते, १०० ची गोळी अजून आणलेली नाही.