पहिल्या रात्रभराच्या आकाशदर्शनाआधी दुर्बीण विकत घ्यावी का?

प्रश्न
मार्चमधील अमावास्येच्या सुमारास वांगणी परिसरातील रात्रभराच्या आकाशदर्शनाला प्रथमच जाण्याचा विचार आहे. आजवर ठाण्यातील गच्चीवरून १० x ५० च्या (दहापट मोठे दाखवणाऱ्या, ५० मिमी भिंगाच्या) बायनॉक्युलरने मृग, कृत्तिका आणि गुरूचे चंद्र पाहिले आहेत. रिकाम्या हाताने जाणे बरे दिसणार नाही, म्हणून एखादी लहान दुर्बीण आधीच घ्यावी का? शिवाय एका मित्राचे म्हणणे असे, की जायचेच तर थेट लडाखमधील हन्लेच्या स्टार पार्टीला (हौशी आकाशनिरीक्षकांच्या मेळाव्याला) जावे. कृपया जाणकारांनी सांगावे.

प्रतिसाद १
दुर्बीण आत्ता मुळीच घेऊ नका. अशा ठिकाणी लोक आपापल्या दुर्बिणी मांडून बसतात आणि विचारले की आनंदाने दाखवतात. तेव्हा आठ इंची डॉबसोनियन (साध्या फिरत्या बैठकीवरची, आठ इंच व्यासाच्या आरशाची दुर्बीण) उचलायला किती जड आहे आणि प्रवासात हलल्यामुळे तिचे आरसे पुन्हा जुळवायला किती वेळ जातो, हे प्रत्यक्ष पाहूनच खरेदीचे ठरवावे. तुमच्या बायनॉक्युलरच्या एका भिंगापेक्षा तिचा आरसा सुमारे सोळापट प्रकाश गोळा करतो हे खरे, पण पुष्य नक्षत्रातील तारकागुच्छ एका नजरेत मावतो तो बायनॉक्युलरमध्येच. उत्तररात्री दोनच्या सुमारास दक्षिणेकडे नरतुरंग तारकासमूहातील ओमेगा सेंटॉरी हा तारकागुच्छ शोधा. आपल्याकडून तो क्षितिजापासून जेमतेम २३ अंश वर येतो, त्यामुळे दक्षिणेला डोंगर किंवा गावाचे दिवे नसलेली जागा उजेडीच हेरून ठेवा.

प्रतिसाद २
वरील मताशी सहमत आहे. हन्लेचे आकाश अप्रतिम आहे, यात वाद नाही. परंतु तेथील वेधशाळा सुमारे ४,५०० मीटर उंचीवर आहे, आधी लेहमध्ये राहून विरळ हवेची सवय करून घ्यावी लागते, आणि ज्याला अजून आकाशात वाट काढता येत नाही त्याचा निम्मा वेळ तारे ओळखण्यातच जाईल (आकाश जितके काळे तितके तारे जास्त आणि ओळखीच्या आकृत्या हरवतात, हे नवख्याला आधी पटत नाही). गडद आकाशासाठी लडाखच गाठावे असेही नाही. आपल्या महाराष्ट्रातील पेंच व्याघ्र प्रकल्पाला २०२४ मध्ये ‘डार्क स्काय पार्क’चा (कृत्रिम उजेडापासून जपलेल्या आकाशाच्या क्षेत्राचा) दर्जा मिळाला आहे.

धागाकर्ता
दोघांचेही आभार. दुर्बिणीचा विचार सोडला. लाल टॉर्च आवश्यक आहे का?

प्रतिसाद १
होय, आणि तोही मंद. डोळे अंधाराला पुरते सरावायला अर्धा तास लागतो आणि मोबाइलच्या एका पांढऱ्या झोताने ते सगळे वाया जाते. स्वतःचेच नव्हे, शेजाऱ्यांचेही. साध्या टॉर्चवर लाल जिलेटिन कागदाचे दोन-तीन पदर रबरबँडने बांधले तरी चालते. गाडीने जाणार असाल तर दार उघडताच लागणारा आतला दिवा आधीच बंद करून ठेवा. पहाटे दव पडते, म्हणून बायनॉक्युलर वापरात नसताना झाकणे लावून पिशवीत ठेवावे आणि भिंगावर दव धरलेच तर रुमालाने पुसू नये.